आठाने भागा
१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने देशात इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. पुढे मी साताऱ्यात सायबर कॅफे चालवला. गिऱ्हाइकांचा ठरलेला सवाल असे: मोडेमच्या खोक्यावर ५६ केबीपीएस लिहिलंय, मग डाउनलोड पाचच्या आसपास का? मी सांगे, खोक्यावरचा आकडा बिटांचा, पडद्यावरचा बाइटांचा. आठाने भागा, सात उरतात. त्यातही तारेत खरखर असली की जोडणीच ४०-४५ची लागे.

कधी पडद्यावर १,१५,२०० झळके. तो वेग संगणक ते मोडेम एवढ्याच टप्प्याचा. बाहेरच्या तारेशी त्याचा संबंध नसे. चाचणीला साध्या मजकुराची फाइल घेतली, तर मोडेम ती दाबून आणी आणि आकडा फुगे. झिप फाइल आधीच दाबलेली, म्हणून ती खरं बोले. शिवाय ५६ केबीपीएसच्या व्ही.९० प्रकारच्या मोडेमचा पाठवण्याचा वेग ३३.६वरच अडे.

पुढे सरकारच्या २००४च्या धोरणाने किमान २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड ठरवलं. २०१३मध्ये ही मर्यादा ५१२ केबीपीएस झाली, २०२३मध्ये २ एमबीपीएस. हे आकडेही बिटांचेच, म्हणून नातवाला आजही सांगतो: आधी आठाने भाग, मग कंपनीशी भांड.