काचेचा आकडा आणि सूर्यातल्या काळ्या रेघा

कॅमेऱ्याची किंवा दुर्बिणीची भिंगं घडवणाऱ्यांच्या जगात काच नावापेक्षा आकड्यानं ओळखली जाते. सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'बीके-७' काचेचा आकडा आहे ५१७६४२. पहिले तीन अंक सांगतात की तिचा अपवर्तनांक १.५१७ आहे, म्हणजे निर्वातातला प्रकाशाचा वेग या काचेतल्या वेगाच्या १.५१७ पट असतो. पुढचे तीन अंक म्हणजे ६४.२ हा तिचा 'अॅबे अंक'. तो जितका मोठा, तितकी ती काच रंग कमी फाकवते. या सहा अंकांपर्यंत पोहोचायला सतराशेहून अधिक वर्षं लागली. त्यात कोन मोजणं हे तुलनेनं सोपं काम. खरा पेच होता तो कोणत्या प्रकाशासाठी मोजायचं हा.

या मोजणीच्या घराण्याचा मूळ पुरुष दुसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा टॉलेमी. अंश कोरलेली चकती घेऊन त्यानं हवेतून पाण्यात आणि काचेत शिरणारा किरण किती वळतो ते मोजलं. पाण्यासाठी ६० अंशांना त्याचं उत्तर ४०.५ आहे, आणि ते आजही बरोबर ठरतं. ८० अंशांना मात्र त्यानं ५० लिहिलं, खरं उत्तर ४७.६ च्या आसपास येतं. त्याच्या कोष्टकातले फरक दर पायरीला नेमक्या अर्ध्या अंशानं कमी होत जातात. म्हणजे मोजलेल्या आकड्यांवर त्यानं गणिताची इस्त्री फिरवली होती. त्यामागचा खरा नियम, दोन्ही कोनांच्या ज्यांचं म्हणजेच 'साईन'चं गुणोत्तर कायम राहतं हा, दहाव्या शतकात बगदादच्या इब्न सहलला गवसला होता. युरोपात तो १६२१ च्या सुमारास हॉलंडच्या स्नेलनं मांडला आणि १६३७ मध्ये देकार्तनं छापला. हे कायम राहणारं गुणोत्तर म्हणजेच अपवर्तनांक.

न्यूटननं मोजणीची युक्ती दिली. विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोमीटरशी झटापट केलेल्यांना ती ठाऊक असते. लोलक हळूहळू फिरवत जा. दुर्बिणीतली फटीची प्रतिमा एका बाजूला सरकते, क्षणभर थबकते आणि मागे फिरते. थबकते तो किमान विचलनाचा कोन. तो आणि लोलकाचा कोन, एवढ्या दोनच मापांवर अपवर्तनांक निघतो. शिवाय त्या जागी लोलक किंचित इकडेतिकडे झाला तरी उत्तर फारसं बिघडत नाही. कोनाच्या वाचनात मात्र ढिलाई चालत नाही. ६० अंशांचा बीके-७ चा लोलक प्रकाश सुमारे ३८.६ अंशांनी वळवतो. तिथे एका मिनिटाची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली की अपवर्तनांकाचं चौथं दशांशस्थळ दोनानं हलतं.

न्यूटननंच आपल्या काचेसाठी तांबड्या टोकाला ५० ला ७७ आणि जांभळ्या टोकाला ५० ला ७८ असं प्रमाण दिलं, म्हणजे १.५४ आणि १.५६. एकाच काचेला दोन आकडे! भिंगाच्या दुर्बिणीत रंगांची झालर येणारच असं मानून त्यानं आरशाची दुर्बीण बनवली. पुढे १७५८ मध्ये लंडनच्या डॉलंडनं क्राऊन आणि शिसंयुक्त फ्लिंट या दोन काचांची भिंगं जोडून झालर घालवून दाखवली. पण कुठल्या क्राऊनला कुठली फ्लिंट जुळेल हे घासून, लावून, बघूनच ठरायचं. हिशेबानं ठरवायचं तर प्रत्येक काचेचा प्रत्येक रंगासाठीचा आकडा हवा. वर्णपटात पिवळा कुठे संपतो आणि हिरवा कुठे सुरू होतो, हे सांगणार कोण?

ही कोंडी फोडली योझेफ फ्राउनहोफरनं. हा म्युनिकमधल्या एका आरसे बनवणाऱ्याकडचा अनाथ उमेदवार. १८०१ मध्ये मालकाचं घर कोसळलं आणि हा ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. पुढे तो उद्योजक उट्झश्नायडरच्या कारखान्यात लागला. बेनेडिक्टबोयर्नच्या जुन्या मठात या कारखान्याची काचेची भट्टी होती. वितळलेली काच ढवळून एकजीव करण्याची कला तिथे स्वित्झर्लंडच्या गिनाँनं आणली होती. ढवळणं महत्त्वाचं, कारण शिसं जड असतं. नीट ढवळलं नाही तर एकाच भांड्यातल्या तळाच्या आणि वरच्या काचेचे आकडे वेगळे पडतात.

फ्राउनहोफरनं आधी रंगीत काचा आणि रंगीत ज्योती वापरून पाहिल्या, पण शुद्ध एक रंग काही मिळेना. मग त्यानं सहा दिवे एका लोलकामागे असे मांडले की ६९२ फुटांवरच्या थिओडोलाइटपर्यंत, म्हणजे कोन मोजणाऱ्या दुर्बिणीपर्यंत, प्रत्येक दिव्याचा एकेकच रंग पोहोचावा. दिव्यांच्या उजेडात त्याला नारिंगी-पिवळ्या भागात एक ठसठशीत उजळ रेघ दिसली. ती नेहमी एकाच जागी असे. सूर्यप्रकाशातही ती दिसते का ते पाहायला त्यानं अंधाऱ्या खोलीच्या खिडकीत अरुंद फट ठेवली आणि २४ फुटांवर थिओडोलाइटपुढे फ्लिंटचा लोलक लावला. उजळ रेघ दिसलीच नाही. दिसल्या त्या असंख्य काळ्या रेघा.

इंग्लंडमध्ये वोलास्टननं १८०२ मध्ये अशा काही रेघा पाहिल्या होत्या. त्यांचा मोजणीसाठी उपयोग केला तो फ्राउनहोफरनं. ठळक रेघांना त्यानं ए, बी, सी अशी अक्षरं दिली आणि 'बी' ते 'एच' या पट्ट्यात ५७४ रेघा मोजल्या. १८१७ मध्ये छापलेल्या त्याच्या निबंधाचा विषयच मुळी वेगवेगळ्या काचांचं अपवर्तन आणि रंग फाकवणं हा होता. त्यात १३ क्रमांकाच्या फ्लिंटचा आकडा 'बी' रेघेला १.६२७७४९ आणि 'एच' रेघेला १.६७१०६२ असा सहा दशांशांपर्यंत दिला आहे. रेघा का पडतात या खोलात तो फारसा गेला नाही. ते कोडं किर्चहॉफ आणि बन्सेन यांनी १८५९ नंतर सोडवलं. 'डी' रेघ सोडियमची निघाली, 'सी' आणि 'एफ' हायड्रोजनच्या. त्यामुळे मोजणी करणारा उन्हाच्या तावडीतून सुटला. मिठाची ज्योत किंवा हायड्रोजनची नळी पेटवली की काम भागू लागलं.

पुढची पिढी जर्मनीतल्या येना गावची. झाईसच्या कारखान्यातल्या एर्न्स्ट अॅबेनं १८७४ मध्ये नव्या रिफ्रॅक्टोमीटरची, म्हणजे अपवर्तनांक मोजणाऱ्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. त्यात नमुन्याचा लोलक घडवायची गरज नव्हती. एक सपाट, घासलेली बाजू यंत्राच्या लोलकावर द्रवाच्या थेंबानं चिकटवायची आणि पूर्ण परावर्तन कुठे सुरू होतं ती उजेड-अंधाराची सीमा वाचायची. ऑटो शॉटनं याच गावी नव्या काचा वितळवल्या आणि १८८६ च्या पहिल्या यादीत ४४ काचा आकड्यांसह विकायला ठेवल्या. तेव्हापासून भिंगाचा आराखडा आधी कागदावर आणि काच नंतर, असा क्रम रूढ झाला.

सोडियमची रेघ जोडरेघ असल्यानं आता तिच्या जागी शेजारची हेलियमची 'डी' रेघ घेतात, तरंगलांबी ५८७.६ नॅनोमीटर. इंग्रजीत हिचं अक्षर लहान, सोडियमचं मोठं. हेलियमचा पत्ता लागला तोही सूर्याच्याच वर्णपटात, १८६८ मध्ये. त्या वर्षीच्या खग्रास ग्रहणाची सावली आपल्या विजयदुर्गावरून गेली होती. सोडियमही निवृत्त झालेलं नाही. नाशिकचा बागायतदार द्राक्षाच्या रसाचा थेंब हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण वाचतो, तेव्हा ती मोजपट्टी सोडियमच्या रेघेवर बेतलेली असते.

म्हणूनच शालेय पुस्तकातला 'काचेचा अपवर्तनांक १.५' हा आकडा फक्त ओळखीपुरता घ्यावा. कोणती काच आणि कोणती रेघ हे सोबत लिहिलेलं नसेल, तर त्यावर भिंग बेतता येत नाही.