औषध होतं, राहायला खोली नव्हती

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक आवाहन येतं. लहान मुलाचा फोटो, खाली 'रक्ताचा कॅन्सर', हॉस्पिटलचं एस्टिमेट आणि खाते क्रमांक. आपण पाचशे-हजार पाठवतो, हात जोडल्याची इमोजी टाकतो आणि कामाला लागतो. एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. हे लोक मुंबईत राहणार कुठं?

मलाही तो पडला नव्हता. २००४ च्या सुमारास मी तालुक्याच्या गावी वार्ताहर होतो. ओळखीतलं एक शेतमजूर कुटुंब सात वर्षांच्या मुलाला घेऊन परळला गेलं. गावानं वर्गणी काढली, मी बातमी केली, औषधापुरते पैसे जमलेही. तिसऱ्या महिन्यात ते परत आले. डॉक्टरांनी घरी पाठवलं नव्हतं, हेच उपचार सोडून आले होते. फूटपाथवर प्लॅस्टिक बांधून राहत होते. पाऊस सुरू झाला आणि पोरगं तापानं फणफणलं. गावी आल्यावर ते दिवाळी बघू शकलं नाही. माझ्या बातमीत औषधाचा खर्च रुपयापर्यंत होता, राहण्याबद्दल एक ओळही नव्हती.

म्हणून हा इतिहास सांगतोय.

१९३१ साली मेहेरबाई टाटा ल्युकेमियानं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. सर दोराबजींनी पत्नीच्या नावानं १९३२ ला या आजाराच्या संशोधनासाठी ट्रस्ट काढला. त्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या ट्रस्टनं पुढं परळला हॉस्पिटल बांधलं, ते २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. तेच आपलं 'टाटा'.

तेव्हा हॉस्पिटल होतं, पण मुलांच्या ल्युकेमियावर औषध नव्हतं. अमेरिकेत लेडर्ले कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या आंध्रातल्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली अमिनोप्टेरिन तयार झालं. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ते १६ मुलांना दिलं आणि १९४८ ला निष्कर्ष छापले. दहा मुलांना आराम पडला होता. आराम तात्पुरता होता, पण वाट सापडली. पुढं औषधं वाढली, ती एकत्र द्यायच्या पद्धती आल्या. ऐंशीच्या दशकात टाटामध्ये डॉ. सुरेश अडवाणी आणि सहकाऱ्यांनी ठरावीक उपचारक्रम राबवला. पूर्वी पाचात एखादं मूल वाचायचं, ते प्रमाण निम्म्याच्या पुढं गेलं.

पण हे प्रमाण उपचार पूर्ण करणाऱ्यांच्या कामाचं. ल्युकेमियाचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. सुरुवातीचे कित्येक महिने हॉस्पिटलच्या जवळच राहावं लागतं. किमोनं पांढऱ्या पेशी कमी होतात, मग साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. अशा मुलाला फूटपाथवर ठेवायचं म्हणजे एका हातानं औषध द्यायचं आणि दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं.

ही गोष्ट अमेरिकेत एका बाईच्या लक्षात आली. डॉ. ऑड्री इव्हान्स, मूळच्या इंग्लंडमधल्या यॉर्कच्या, काही काळ फार्बर यांच्याकडेच शिकलेल्या. लांबून आलेले आईबाप खुर्चीत, गाडीत झोपताना त्या बघत. फ्रेड हिल या फुटबॉलपटूच्या मुलीला ल्युकेमिया झाला, त्याच्या संघानं निधी उभा केला, मॅकडोनाल्डनं मिल्कशेकच्या विक्रीतून भर घातली. १९७४ ला फिलाडेल्फियात पहिलं 'रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाऊस' उघडलं.

परळला तसं घर व्हायला २००६ उजाडलं. श्यामा कविरत्ने आणि त्यांचे पती निहाल यांनी ते केलं. निहाल युनिलिव्हरच्या इंडोनेशियातल्या कंपनीचे प्रमुख होते. टाटाबाहेर फूटपाथवर राहणारी मुलं या दोघांनी पाहिली. आपण पाहतो आणि पुढं जातो, ते थांबले. आठ कुटुंबांची सोय असलेलं पहिलं केंद्र सुरू झालं. नाव ठेवलं सेंट ज्यूड, आशा सुटलेल्यांचा संत. अमेरिकेत मेम्फिसला याच नावाचं हॉस्पिटल आहे, त्याच्याशी याची गल्लत करू नका.

रचना साधी आहे. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची जागा, आईला स्वयंपाकासाठी स्वतःचा ओटा, शिधा, हॉस्पिटलला जायला-यायला गाडी, मुलांना शिकवणं आणि आईबापांना धीर देणारी माणसं. पैसे घेत नाहीत. स्वच्छतेवर कटाक्ष. बाहेरचं जेवण न देता आईच्या हाताला काम दिलं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. पोराला चव घरचीच लागते आणि आई नुसती रडत बसत नाही. आज कोलकाता, दिल्ली, हैदराबाद, चेन्नई, गुवाहाटीतही त्यांची केंद्रं आहेत.

खरं तर आपल्याला ही कल्पना परकी नाही. गाडगेबाबांनी आळंदीला, पंढरपूरला धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही टाटाचे पेशंट उतरतात. पुण्यात १९५५ ला अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली. खेड्यातल्या पोराची फी भरून भागत नाही, त्याला खोली आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. शिक्षणात जे पन्नास वर्षांपूर्वी कळलं, ते मुलांच्या कॅन्सरच्या बाबतीत कळायला २००६ पर्यंत थांबावं लागलं.

पुण्यातही आता सोलापूर, धाराशिव, अहिल्यानगरहून मुलं उपचाराला येतात. पुढच्या वेळी आवाहन आलं की पैसे जरूर पाठवा. पण एक फोनही करा आणि विचारा, उतरलाय कुठं? स्वयंपाक कुठं करता? वडिलांचा रोज बुडतोय, घर कसं चाललंय?

मी २००४ ला एवढं विचारायला हवं होतं.