पुर्जा : अस्सल आणि नक्कल

उर्दूत 'पुर्जा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक यंत्राचा सुटा भाग, दुसरा कागदाचा चिटोरा. इतिहासाचा अभ्यासक कागदाचा पुर्जा शोधतो, जुनी मोटार पुन्हा उभी करणारा लोखंडाचा. दोघांपुढचा प्रश्न एकच : हाती आलेला पुर्जा अस्सल की नक्कल?

मुंबईत या प्रश्नाला इतिहास आहे. जनरल मोटर्सने 1928 साली शिवडीला मोटारी जोडायला सुरुवात केली. सुटे भाग परदेशातून खोक्यांत भरून येत. स्वातंत्र्यानंतर धोरण बदलले. जे भाग इथेच बनवतील त्यांनीच कारखाना चालवावा, असे ठरले. 1953-54 च्या सुमारास फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी इथला गाशा गुंडाळला. कंपन्या गेल्या, पण त्यांच्या मोटारी रस्त्यावरच राहिल्या. त्यात आयातीवर कडक बंधने. मग एका मोटारीचे मरण हेच दुसरीचे जीवदान ठरले. मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग भेंडी बाजाराजवळच्या चोर बाजारात आणि कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे मिळू लागले. नाव चोर बाजार असले, तरी कित्येक गाड्या जिवंत राहिल्या त्या याच गल्ल्यांमुळे.

वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1954 पासून फियाट 1100 बाहेर पडू लागली. पुढची दारे उलट्या बाजूने उघडणाऱ्या या गाडीला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' म्हटले. 1964 साली 'डिलाइट' आली. 1973 साली तिची 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि 1974 साली 'पद्मिनी' झाली. नावे बदलली, घराणे तेच राहिले. त्यामुळे पद्मिनीचा एखादा भाग जुन्या फियाटला बसूही शकतो. पण बसणे वेगळे आणि अस्सल असणे वेगळे.

मग अस्सल म्हणजे काय? इटलीहून मागवलेला तेवढाच अस्सल, असा पुष्कळांचा समज आहे. तो इतिहासाला धरून नाही. सुरुवातीला भाग इटलीहून येत. पुढे ते हळूहळू आपल्याकडे तयार होऊ लागले. स्पार्क प्लग 'मायको'चे, विजेची उपकरणे 'लुकास-टीव्हीएस'ची. तेव्हा कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीला इटलीचा दिवा लावणे म्हणजे तिचा इतिहास पुसणेच होय. गाडी ज्या साली, ज्या कारखान्यात जन्मली, त्या साली तिथे जो भाग लागत होता, तोच तिचा अस्सल भाग.

ही पारख कोणत्याही पुस्तकात सापडत नाही, ती उस्ताद मिस्त्रीच्या बोटांत असते. ओतकामातला उठावाचा छाप, मोनोग्रामच्या मागचा शिक्का, क्रोमखालचे पितळ तो पाहतो. फियाटचे आटे मिलिमीटरचे, जुन्या अमेरिकी गाड्यांचे इंचाचे. कोणता पाना बसतो यावरूनच त्याला बोल्टची जात कळते. शाळेत न गेलेल्या कित्येक उस्तादांचे हे पुराव्याचे शास्त्र आहे, आणि ते आपण कधी लिहून घेतले नाही.

2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वाहनांच्या वेगळ्या नोंदणीचे नियम केले. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातली अट. म्हणजे आता लोखंडाच्या पुर्जाला कागदाच्या पुर्जाचीही साक्ष लागते.

2023 च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनीची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली. टॅक्सी मोडीत निघते, तेव्हा भाग निदान भंगारात तरी सापडतो. उस्ताद गेला की त्याची पारख मात्र कुठल्याच बाजारात मिळत नाही. म्हणून संग्राहकांनी एवढे तरी करावे. प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधावी : कुठल्या गाडीचा, कुठल्या सालचा, आणि कोणत्या मिस्त्रीने ओळखला. त्या चिठ्ठीवर उस्तादाचे नाव आले, तर दोन्ही पुर्जे एकदमच जपले जातील.