चौकटीलाही नंबर असतो

वर्गातील चष्मा लावणारी दोन मुले भेटली, की पहिला प्रश्न ठरलेला: 'तुझा नंबर किती?' उत्तर येते, 'उणे दोन' किंवा 'दीड'. हा नंबर भिंगाचा. पण ज्या चौकटीत ते भिंग बसते, त्या फ्रेमलाही स्वतःचा नंबर असतो. काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत 52□18 140 असे काहीतरी छापलेले आढळते. रोजच्या वापरात त्याकडे कोणी पाहत नाही. काडी मोडली आणि तशीच दुसरी मागवायची वेळ आली, की मात्र त्याची आठवण होते.

भिंगाला नंबर पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी मिळाला. फ्रेमचा नंबर सर्वत्र एकाच रीतीने मोजला जाऊ लागला तो विसाव्या शतकात. हा उशीर का झाला?

चष्म्याचा जन्म तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत झाला. फ्लॉरेन्समध्ये 1306 साली जोर्दानो दा रिवाल्टो या धर्मोपदेशकाने आपल्या प्रवचनात सांगितले, की ही कला सापडून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत. त्या काळचा चष्मा म्हणजे मुठी असलेली दोन भिंगे एका खिळ्याने जोडलेली. तो नाकावर चिमटून बसवायचा, नाहीतर हाताने धरायचा. 1953 साली जर्मनीतील वीनहाउझेनच्या मठात लाकडी जमिनीखाली असे जुने चष्मे सापडले. त्यांना काड्या नाहीत. काडीच नाही, तर तिची लांबी कोण मोजणार?

भिंगाचे तसे नव्हते. मिलानच्या ड्यूकने 1462 साली फ्लॉरेन्सहून तीन डझन चष्मे मागवले, तेव्हा दूरचे पाहण्यासाठी कोणते आणि जवळचे पाहण्यासाठी कोणते, हे पत्रात वेगळे नोंदवले. चारच वर्षांनी, 1466 मध्ये, त्याच्या मुलाने दोनशे चष्मे मागवले, ते वयाच्या पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनुसार. चाळिशीनंतर जवळचे दिसणे हळूहळू कमी होत जाते. तेव्हा वय हाच नंबर! आपल्याकडे 'चाळिशी लागली' म्हणतात, त्यामागेही हेच निरीक्षण आहे. पुढे 1872 साली फ्रेंच नेत्रवैद्य मोनोये यांनी 'डायॉप्टर' हे एकक सुचवले आणि भिंगाचा नंबर पक्का झाला.

फ्रेमच्या काड्या आल्या त्या अठराव्या शतकात. लंडनचे एडवर्ड स्कार्लेट 1720 च्या दशकात काड्यांचे चष्मे विकत होते. काडी आली तशी बिजागरी आली, बिजागरीत स्क्रू आला, आणि मोडण्याच्या जागाही वाढल्या. तरीही कारागीर जवळच असे. चष्मा समोर ठेवला, की तो तसाच भाग घडवून देई. चष्मे कारखान्यात बनू लागल्यावर हे बदलले. आता सुटा भाग शेकडो मैलांवरून मागवायचा होता, आणि वस्तू न पाहता तिचे वर्णन करायचे तर मोजमापाची समान भाषा हवी.

भाषा मात्र एक नव्हती. अमेरिकन कारखाने काडीची लांबी इंचांत लिहीत. 5½ इंच म्हणजे 139.7 मिलिमीटर, म्हणजेच आजची 140 ची काडी. भिंगाच्या रुंदीचा गोंधळ याहून मोठा. ब्रिटनमधील पद्धतीत भिंगाच्या उंचीच्या बरोबर मध्यावर आडवी रेघ मानून तिच्यावर रुंदी मोजत. दुसऱ्या पद्धतीत भिंगाला चारही बाजूंनी स्पर्श करणारा काटकोनी चौकोन कल्पून त्याची रुंदी घेत. समजा, भिंग वर रुंद आणि खाली निमुळते आहे. चौकोनाने मोजले तर 52 आणि दोन भिंगांतील अंतर 18. मधल्या रेघेवर मोजले तर 50 आणि 20 येऊ शकेल. फ्रेम एकच, नंबर दोन! 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन चष्मा उत्पादकांच्या संघटनेने चौकोनाची पद्धत स्वीकारली. पुढे आयएसओ 8624 या आंतरराष्ट्रीय मानकातही तीच आली. दोन आकड्यांमधला तो □ शोभेसाठी नाही. 'हे माप चौकोनाने घेतले आहे' असे तो सांगतो.

तरीही माप म्हणजे ओळख नव्हे. 52□18 च्या दोन फ्रेममध्ये एक भिंग गोल आणि दुसरे चौकोनी असू शकते. उंची तर या नंबरात येतच नाही. म्हणून नमुन्याचा क्रमांकही लागतो. ब्रिटनमध्ये 5 जुलै 1948 रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा सरकारी चष्म्यांचे ठरावीक नमुने होते. त्यांना 422, 524 असे क्रमांक होते आणि एकच नमुना अनेक कारखाने बनवत. आज बहुतेक कंपन्यांचे क्रमांक त्यांचे स्वतःचे असतात. रे-बॅनच्या एका प्रसिद्ध फ्रेमवर 'आरबी 2140 901 50□22 150' असे असते. त्यात 2140 हा नमुना, 901 हा काळा रंग, 50 भिंगाची रुंदी, 22 भिंगांमधील अंतर आणि 150 काडीची लांबी. यांपैकी एक आकडा चुकला, तरी येणारा भाग बसेलच असे नाही. डावी काडी की उजवी, हेही सांगावे लागते.

वर्गात हा प्रयोग करून पाहा. चष्मा लावणाऱ्या मुलांना काडीवरील आकडे वहीत उतरवू द्या. मग आलेखाच्या कागदावर फ्रेम ठेवून भिंगांभोवती चौकोन काढायला सांगा आणि मिलिमीटरच्या पट्टीने मोजून आकडे पडताळा. भिंग फ्रेमच्या खाचेत थोडे आत शिरलेले असते, तेवढे धरायला विसरू नका. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज, उदाहरणार्थ 52 + 18 = 70, म्हणजे दोन्ही चौकोनांच्या मध्यांतील अंतर, हेही मुलांना स्वतः शोधता येईल.

वापराने हे आकडे पुसट होतात. म्हणून चष्मा नवा असतानाच ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावेत. एक काडी मोडली म्हणून चांगली भिंगे आणि अख्खी फ्रेम टाकून नवा चष्मा घेणे अनेक घरांना परवडत नाही, आणि तोवर ते मूल फळ्यावरचे न दिसताच वर्गात बसते. अशा वेळी ती एक ओळ कामी येते.