एकधारी व दुधारी

दुधारी पात्याने एकधारी पात्यास बाजारातून हुसकून लावले ते अधिक चांगले होते म्हणूनच, असा सर्वसाधारण समज आहे. जे टिकले तेच श्रेष्ठ, हा न्याय आपण दाढीच्या सामानासही लावीत असतो. परंतु या दोन पात्यांचा इतिहास पाहिला म्हणजे जय एका गुणामुळे झाला आणि श्रेय दुसऱ्याच गुणास मिळाले, असे आम्हांस वाटते.

उघड्या वस्तऱ्याने आपली दाढी आपण करणे हे सरावाचे काम. आपल्याकडे गावचा न्हावी धोकटी घेऊन घरोघर जाई व सुगीला आपले बलुते घेई. त्यामुळे हे कौशल्य सामान्य गृहस्थास शिकण्याचे फारसे कारण पडले नाही. पॅरिस येथील झां-झाक पेरे नामक सुऱ्या-चाकू करणाऱ्या कारागिराने मात्र १७६९ साली या विद्येवर एक पुस्तकच लिहिले, आणि सुताराच्या रंध्याप्रमाणे धारेचा थोडासाच भाग बाहेर राहील अशी आड वस्तऱ्यास बसविण्याची कल्पना मांडली. तिला बाजारात जम बसेल असे रूप दिले ते न्यूयॉर्कच्या कांपफे बंधूंनी, १८८० साली. त्यांच्या ‘स्टार’ रेझरमधील पाते म्हणजे वस्तऱ्याचाच आखूड तुकडा होता : पाठीकडे जाड, धारेकडे निमुळता. अमेरिकन साहित्यिक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८८७ च्या आपल्या प्रवासवर्णनात या रेझरची मनापासून स्तुती केली आहे.

हे पहिले एकधारी पाते होय. त्याचा गुण असा की, ते आपल्याच पाठीच्या बळावर ताठ उभे राहते. दोष असा की, ते चामड्याच्या पट्ट्यावर वारंवार परजावे लागे आणि अधूनमधून दगडावर लावावे लागे. म्हणजे न्हावी घरातून गेला, पण त्याचे निम्मे काम गृहस्थाच्या गळ्यात पडले.

ही अडचण किंग कँप जिलेट यांनी हेरली. बाटल्यांची झाकणे करणाऱ्या एका कंपनीचे ते फिरते विक्रेते होते. एकदा वापरून फेकून द्यावी व पुन्हा विकत घ्यावी अशी एखादी वस्तू शोधा, असा सल्ला झाकणाचे शोधक विल्यम पेंटर यांनी त्यांना दिला होता. १८९५ साली त्यांना पातळ पात्याची कल्पना सुचली. परंतु इतक्या पातळ पोलादास पाणी देताना ते वेडेवाकडे होई, व जाणते लोक हे होणेच नाही म्हणत. विल्यम निकरसन या यंत्रज्ञाने तो प्रश्न सोडविला. १९०१ साली कंपनी निघाली. १९०३ मध्ये विक्री झाली ती ५१ रेझर व १६८ पात्यांची! १९०४ साली पेटंट मिळाले, आणि तेथून चक्र फिरले.

आता दोहोंची तुलना करू. आजचे दुधारी पाते सुमारे एक दशांश मिलिमीटर जाड असते. ते स्वतः ताठ राहू शकत नाही. मळसूत्र आवळले म्हणजे वरच्या झाकणाखाली त्यास बाक येतो, व त्या ताणातूनच त्याला ताठपणा मिळतो. ‘जेम’ जातीचे एकधारी पाते त्याच्या दुपटीहून जाड, शिवाय पाठीस पन्हळीसारखा कणा; ते बाक न घेता सपाट बसते. राठ केसांवर ते थरथरत नाही. उलट त्याचे डोके अंमळ मोठे असल्याने नाकाखाली फिरविताना अवघडते. दुधारीची एक बाजू फेसाने भरली की दुसरी फिरवून घेता येते. सारांश, गुळगुळीत हनुवटी हेच माप धरले तर निवाडा कोणा एकाच्या बाजूने ठामपणे देता येईल असे नाही.

किमतीच्या बाबतीत तर आरंभी उलटच स्थिती होती. जिलेटचा रेझर पाच डॉलरला, आणि ‘एव्हर-रेडी’ हा एकधारी रेझर बारा पात्यांसह एक डॉलरला मिळे. तरीही दुधारी पुढे गेले. पोलादाच्या एकाच पातळ पट्टीतून दोन धारा निघत, आणि परजण्याचा त्रास तर कायमचा मिटला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख जिलेट रेझर घेतले. सैनिक घरी परतले ते ही सवय घेऊनच. हेन्री गेझमन यांचा ‘ऑटोस्ट्रॉप’ किंवा इंग्लंडातील ‘रोल्स’ रेझर यांनी पाते जागच्या जागी परजण्याच्या सुंदर युक्त्या काढल्या होत्या. पण त्या सांभाळण्याच्या युक्त्या होत्या, आणि काळाचा कल फेकून देण्याकडे होता.

तथापि आमच्या मते खरी निर्णायक गोष्ट १९२१ साली घडली. जिलेटच्या मूळ पेटंटची मुदत त्या वर्षी संपली आणि दुधारी पाते कोणीही करावे असे झाले. ‘जेम’, ‘व्हॅलेट’, ‘शिक’ ही एकधारी पाती एकमेकांच्या रेझरात बसत नसत. दुधारीचा आकार मात्र हळूहळू सर्वांचा झाला. १९३० च्या सुमारास नव्या आकाराच्या पात्यावरून जिलेट व गेझमन यांच्यात झगडा झाला. तो दोन्ही कंपन्या एक होऊन मिटला. आज जुन्या रेझरातही कोणत्याही देशाचे दुधारी पाते बसते. ठाण्याच्या कारखान्यातही अनेक दशके अशी पाती तयार झाली व परदेशी गेली. ही स्वस्ताई धारेची नव्हे, मोकळ्या आकाराची होय.

१९७१ साली जिलेट कंपनीनेच दोन पात्यांचे बंद डोके बाजारात आणले. ही दोन्ही पाती एकधारी होती; म्हणजे धारेच्या वादात ज्याला हरलेले समजत होते तेच परत आले, परंतु ज्याचा दांडा त्याचेच डोके हे बंधन घेऊन. गिऱ्हाईक पुन्हा एका दुकानाशी बांधले गेले.

आपल्याकडील केशकर्तनालयांत मात्र एक मौजेची तडजोड दिसते. कारागीर दुधारी पाते कागदासकट मधोमध मोडतो, अर्धे वस्तऱ्याच्या खाचेत सरकवितो आणि गिऱ्हाईक उठले की फेकून देतो. धार एक, ठेवण जुन्या वस्तऱ्याची, पाते कोणत्याही कंपनीचे. एकधारी चांगले की दुधारी, हा प्रश्न त्याला पडत नाही. पाते कोठेही मिळावे, आपल्या अवजारात बसावे आणि परवडावे, एवढेच तो पाहतो; आणि आमच्या मते पारखण्याची खरी कसोटी हीच होय.