ट्रान्झिस्टर इन्व्हर्टरचा उगम : चुंबकीय गाभ्याचे योगदान

एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणाऱ्या परिपथाचे श्रेय सामान्यतः ट्रान्झिस्टरला दिले जाते. हे श्रेय अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

'इन्व्हर्टर' ही संज्ञा ट्रान्झिस्टरपेक्षा जुनी असून, डेव्हिड प्रिन्स यांनी ती १९२५ मध्ये 'जनरल इलेक्ट्रिक रिव्ह्यू'मधील लेखासाठी योजिली होती. पुढे मोटारीतील रेडिओसाठी 'व्हायब्रेटर' आला. त्यातील कंप पावणारी पट्टी प्रवाहाची दिशा सतत बदलीत असे; मात्र तिचे स्पर्शबिंदू झिजत.

१९५४ मध्ये वेस्टिंगहाऊसमधील ब्राइट, पिटमन व रॉयर यांनी ट्रान्झिस्टरचा वापर विवर्धक म्हणून न करता केवळ कळ म्हणून केला. कळ पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडी असली की तिच्यात ऊर्जा फारशी वाया जात नाही. तथापि ही कळ केव्हा पालटावी, हे कोण ठरविणार? येथेच चुंबकीय विवर्धकांच्या अभ्यासातून परिचित असलेला गाभा उपयोगी पडला. एक ट्रान्झिस्टर वाहू लागला की रोहित्राचा गाभा ठरावीक गतीने चुंबकित होतो. तो संपृक्त होताच बेसला मिळणारा प्रेरित दाब नाहीसा होतो, पहिला ट्रान्झिस्टर थांबतो आणि दुसरा सुरू होतो. वेळ मोजणारा घटक गाभाच होय. ट्रान्झिस्टर त्याचा आज्ञाधारक आहे.

रॉयर यांच्या १९५५ च्या निबंधाचे शीर्षकच सांगते की, निर्गत वारंवारता आदान दाबाच्या प्रमाणात बदलते. मापनाच्या दृष्टीने हा गुण, परंतु वीजपुरवठ्याच्या दृष्टीने दोष! १२.६ व्होल्टला ५० हर्ट्झ देणारा परिपथ बॅटरी १०.५ व्होल्टवर उतरताच सुमारे ४१.७ हर्ट्झ देतो. शिवाय मुख्य रोहित्रच संपृक्त होत असल्याने प्रत्येक पालटाच्या क्षणी ट्रान्झिस्टरमधून प्रवाहाचा मोठा लोंढा जातो. जेन्सन यांनी १९५७ मध्ये संपृक्त होणारे लहान रोहित्र वेगळे काढून हा दुसरा दोष आवरला. पहिला मात्र मूळ तत्त्वातच होता.

१९५९ मध्ये बॅक्सँडल यांनी गाभा संपृक्त होऊ न देता, धारित्र व प्रेरक यांच्या अनुनादाने ज्या-तरंग देणारा ट्रान्झिस्टर परिपथ मांडला. लॅपटॉपच्या पडद्यामागील शीत-कॅथोड दिवे एलईडी येईपर्यंत याच प्रकारच्या परिपथावर चालत. तंत्रज्ञ मात्र त्याला सर्रास 'रॉयर' म्हणत.