खंड्याची जहागीर

साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीला एका कुत्र्याची समाधी आहे. छत्रपती शाहू महाराजांचा (कारकीर्द १७०८ ते १७४९) हा लाडका खंड्या. शिकारीच्या वेळी त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, अशी हकिकत सांगतात. महाराजांनी आपल्या कुत्र्याला सनदेने जहागीर आणि पालखीचा मान दिल्याचे ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिले आहे. कुणाला ही राजाची लहर वाटेल. पण जहागीर म्हणजे कायमच्या उदरनिर्वाहाची सोय!

सगळ्याच कुत्र्यांचे नशीब असे कुठले? मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्यासाठी इनाम लावले होते. १८३२च्या जूनमध्ये त्याविरुद्ध पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि कोटातले व्यवहार ठप्प झाले. कुत्रा त्यांच्या धर्मात पवित्र मानलेला.

आपण राहतो त्या इंग्लंडमध्येही बेवारशी कुत्र्यांना वाली नव्हता. १८६० साली मेरी टील्बी या बाईंनी लंडनच्या हॉलोवे भागात त्यांच्यासाठी आश्रयस्थान काढले. वर्तमानपत्रांनी टिंगल केली, पण बाई डगमगल्या नाहीत. १८६५ साली त्या वारल्या. संस्था मात्र टिकली, १८७१ साली बॅटरसीला गेली आणि आजही तिथे आहे.

पुढे प्रश्न बदलला. नाताळची भेट म्हणून आणलेली पिल्ले मोठी झाली की नकोशी होत. म्हणून १८९१ साली स्थापन झालेल्या श्वानरक्षक संस्थेने १९७८ साली घोषवाक्य काढले. कुत्रा नाताळपुरता नसतो, जन्मभराचा असतो, असा त्याचा आशय. हीच संस्था आता डॉग्ज ट्रस्ट नावाने ओळखली जाते. एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये सहा महिन्यांखालचे पिल्लू दुकानातून विकत मिळत नाही. ते थेट पाळणाऱ्याकडून किंवा आश्रयस्थानातून आणावे लागते.

आपल्या घरांतही मुले कुत्र्यासाठी हट्ट धरतात. तेव्हा आधी बैठक मारून हिशेब करावा. कुत्रा दहा-पंधरा वर्षे जगतो. तेवढ्या काळात मुले कॉलेजला जातील, नोकरीचे गाव बदलेल, आई-आबांच्या आजारपणात अचानक भारत गाठावा लागेल. त्या वेळी त्याला कोण सांभाळणार? म्हातारपणी त्याच्या औषधपाण्याचे काय? उत्तरे तयार असतील, तर आश्रयस्थानातला एखादा जीव जरूर घरी आणावा. पालखी नको, पण जन्मभराची तजवीज हवी.